पाण्याची घंटा

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा ते बरं. बत्तीस वर्षं मी कापड कापतोय. कारखान्यात सगळे मला मास्तर म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. थान अंथरायचं, खडूने आखायचं आणि एका दमात चाळीस थर कापायचे. त्यात सुताएवढी चूक झाली तर चाळीस सदरे वाया. असं काम करणाऱ्याचा स्वभाव लोण्यासारखा असावा, अशी अपेक्षा कोणी करू नये.

आमच्या शेडमध्ये साठ बायका मशीनवर बसतात. त्यातली एक माझी वहिनी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि वहिनीला आमच्या घरात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. ती स्वतः सतरा वर्षांची. तिने मला न्हाऊमाखू घातलं, हाताला धरून शाळेत नेलं, आणि शाळेत माझं डोकं चालत नाही म्हटल्यावर कैची कशी धरायची तेही तिनेच शिकवलं. दादा गेल्यापासून ती माझ्या घरी राहते, म्हणजे खरं तर मी आणि माझी बायको तिच्या घरी राहतो. घरी ती मला "अरे गाढवा" म्हणते. कारखान्याचा उंबरा ओलांडला की "मास्तर, तुम्ही". साठी उलटली तरी कॉलर बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

अलीकडे उन्हाळ्याचं काही खरं राहिलेलं नाही. पूर्वी दोन महिने भाजायचं, आता सहा महिने भाजतं. मागच्या वर्षी पत्र्याखाली अशी काहिली व्हायची की इस्त्री न फिरवताच कापड हाताला गरम लागायचं. एका आठवड्यात तिघी घेरी येऊन पडल्या. एकीचं बोट सुईखाली गेलं. शेठ घाबरले. शेठ माणूस वाईट नाही, फक्त "बघू" हा शब्द त्यांच्या तोंडात कायमचा राहायला आलाय. पण त्या वेळी त्यांनी खरंच बघितलं. उष्णतेत काम करणाऱ्यांना मदत करणारी एक संस्था होती, तिला त्यांनी बोलावलं.

पत्र्यावर पांढरा रंग चढला. भिंतीत चार मोठे कूलर बसले. कामाची वेळ सकाळी सहा ते दोन झाली, मधली सुट्टी काढून, म्हणजे दुपारची खरी काहिली सुरू व्हायच्या आत घरी. सगळं झकास. घोडं अडलं ते टाकीपाशी. कूलरच्या जाळ्यांवरून सतत पाणी फिरवायचं तर मोठी टाकी हवी, पंप हवा, आणि शेडमध्ये तर मुंगीला जागा नाही. बैठक बसली. तेव्हा मीच म्हणालो, "मागे दोन संडास आहेत. बायकांचा काढा, तिथे टाकी ठेवा. पुरुषांचा सगळ्यांनी मिळून वापरायचा. घरी काय दोन-दोन असतात?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला मनातून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? साठ बायकांच्या कारखान्यात त्या दिवशी मान डोलावणारी सगळी मंडळी मिशीवाली होती, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

संस्थेच्या माणसाने जाताना बजावलं की गारव्यावर भागणार नाही, दर तासाला प्रत्येकीने एक ग्लास पाणी प्यायलाच हवं. ते काम शेठनी माझ्याकडे दिलं. मी एक पितळी घंटा पैदा केली. तास भरला की टोला द्यायचा, प्रत्येकीने आपला ग्लास भरून जागेवर न्यायचा, आणि मी फळ्यावर खडूने रांगेवार रेघा ओढायच्या. रिकामे ग्लास परत आले की माझं समाधान व्हायचं. कोणी घेरी येऊन पडेना. पाहुणे बघायला यायचे, फळ्याचे फोटो काढायचे.

आणि झाडांचे. रंगाचे रिकामे डबे फेकायचे कशाला, म्हणून बायकांनी त्यात माती भरून खिडक्यांपाशी झाडं लावली होती. एका डब्यात केळ. ती केळ अशी काही फोफावली की चार महिन्यांत पत्र्याला टेकली. एवढ्याशा डब्यातली केळ! पाहुण्यांना मी सांगायचो, "वातावरण थंड झालं ना, त्याचा गुण." शेजारची कोरफड मात्र कुजली. मी रोपवाल्याकडे जाऊन त्याच्याशी भांडून आलो की खराब माल देतोस म्हणून.

वहिनी त्या दिवसांत कमरेवर हात ठेवून चालायला लागली होती. विचारलं तर म्हणायची, "वयाचं आहे रे. तुझंही होईल." मी विषय सोडून दिला. मग एका सकाळी तिच्या टेबलावरून आलेल्या दोन कॉलर वाकड्या निघाल्या. वहिनीच्या हातची कॉलर वाकडी! मी त्या सगळ्यांसमोर वर धरल्या आणि म्हणालो, "वहिनी, डोळे काय घरी ठेवून आलात?"

"उसवून देते, मास्तर," ती म्हणाली, आणि खाली मान घालून उसवायला लागली. ती उसवत असताना तिचे हात थरथरत होते. मी ते बघितलं आणि तरी टेबलाकडे परत गेलो. ही गोष्ट मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी आठची घंटा झाली आणि ती म्हणाली, "मास्तर, जरा एखादं कापड द्या अंगावर घ्यायला. थंडी वाजतेय." बाहेर सकाळीच आग ओकणारं ऊन, आणि हिला थंडी. दात वाजत होते. हात लावला तर चटका बसला. मी तिला उचलली आणि शेठच्या गाडीत घालून दवाखान्यात नेली. गाडीत ती काहीबाही बरळत होती. मला ती दादाच्या नावाने हाक मारत होती.

दवाखान्यातली सिस्टर उंच, सडसडीत, आणि माझ्याहून तापट. तिची माझी ही पहिली ओळख.

"ऊन लागलं असणार," मी तिला सांगितलं. "पण पाणी भरपूर पिते हो ती. रोजचे आठ ग्लास. मी स्वतः फळ्यावर लिहितो."

"लघवीला किती वेळा जातात?"

आता हा काय प्रश्न झाला? मी म्हणालो, "सिस्टर, त्या माझ्या वहिनी आहेत. असलं मी कसं विचारणार?"

"मग नुसतं पाणी मोजून काय करता?" असं म्हणून तिने मला पडद्याबाहेर काढलं.

तोवर माझी बायको धावत आली. आम्ही बाकावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने, डॉक्टरांचं तपासून झाल्यावर, सिस्टर बाहेर आली आणि तिने सरळ सांगितलं. लघवीच्या जागेचा संसर्ग होता. कितीतरी आठवडे अंगावर काढलेला. तो मूत्रपिंडापर्यंत गेला होता आणि आता रक्तात उतरला होता. लघवी जवळजवळ बंद पडली होती. "आज आणलंत ते बरं केलंत. उद्यावर टाकलं असतंत तर आमच्या हातात काही उरलं नसतं. आताही चार दिवस मी शब्द देऊ शकत नाही."

एवढं सांगूनही सिस्टर तिथेच उभी होती.

"एक सांगा. तुमच्या कारखान्यात बायकांचा संडास कुठे आहे?"

"तिथे आता टाकी आहे," मी म्हणालो. "कूलरची. म्हणजे जागा नव्हती ना, म्हणून पुरुषांचा जो आहे तो आता सगळे..." आणि माझं वाक्य तिथेच थांबलं.

"नावं सांगणार नाही," सिस्टर म्हणाली, "पण या दुखण्याची तुमच्याकडची ही पहिली बाई नाही. उन्हाळा लागल्यापासून येताहेत. प्रत्येकीला सांगते, पाणी प्या. प्रत्येक बाई मान डोलावते आणि निघून जाते. मला वाटायचं, तुम्ही लोक पाणीच देत नसाल."

रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात, ते मी इतकी वर्षं दुसऱ्यांना ऐकवत आलो होतो.

बायकोला वहिनीपाशी बसवून मी कारखान्यात परत आलो. अकराची वेळ झाली होती. मी घंटा दिली. एकोणसाठ ग्लास भरले, एकोणसाठ जणी जागेवर गेल्या. मी फळ्यापाशी गेलो नाही. मधल्या वाटेत उभा राहिलो आणि विचारलं, "खरं सांगा. हे पाणी कोण पितं?"

अळीमिळी गुपचिळी. एरवी मशीनच्या आवाजावर आवाज चढवून गप्पा मारणाऱ्या बायका, पण एक तोंड उघडेल तर शपथ. मी ओरडलो. ओरडून काही निघालं नाही. मग मी म्हणालो, "वहिनी जगेल की नाही, ते चार दिवस सांगता येत नाही म्हणाली सिस्टर."

काज-बटणाच्या मशीनवर एक तरुण बाई बसते. तिला आम्ही काडेपेटी म्हणतो, कारण ती कशानेही पेटते. ती उठली. "मास्तर," ती म्हणाली, "केळीला विचारा."

मी केळीपाशी गेलो आणि डब्यात बोट घातलं. बोट चिखलात रुतलं. शेजारच्या डब्यात घातलं, तिथेही तेच. कोरफड का कुजली ते मला त्या क्षणी कळलं.

"जायचं म्हटलं की तुमच्या टेबलासमोरून जायचं," काडेपेटी सांगत होती. "मग पॅकिंगच्या माणसांमधून. दाराला कडी नाही. एक आत गेली की दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं. म्हणजे दोन मशिनी बंद. आणि परत आलं की तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघता."

"मी कधी काही बोललो?"

"बोलत नाही. बघता."

ती खरं बोलत होती. मी बघतो. बघतो हे मलाच माहीत नव्हतं.

"पहाटे घरून जाऊन यायचं, ते थेट दोननंतर घरी. मध्ये पाणी प्यायलं की कळ येते, मग शिलाई वाकडी जाते, मग तुम्ही ओरडता. त्यापेक्षा केळीला घातलेलं बरं. तुमचा फळा भरतो, पाहुणे खूश, केळ खूश."

"अगं, मग एकीने तरी सांगायचं ना मला!"

काडेपेटीने पहिल्यांदाच खाली बघितलं. "सांगणार होतो. वहिनींनीच थांबवलं. म्हणाल्या, त्याने फार हौसेने केलंय सगळं. त्याला नका सांगू, त्याला वाईट वाटेल."

मी तिथेच एका स्टुलावर बसलो. मला कोणीतरी पाणी आणून दिलं. मी ते घटाघट प्यायलो आणि सगळ्या जणी माझ्याकडे बघत राहिल्या.

शेठकडे गेलो तेव्हा ते नेहमीप्रमाणे "बघू" म्हणाले. मी म्हणालो, "बघू नका, काढा. टाकी काढा तिथून."

"आणि कूलर? या उन्हात ते बंद केले तर पुन्हा बायका पडायला लागतील. जागा कुठे आहे, सांगा तुम्हीच."

हे काही खोटं नव्हतं. कूलर बंद करून चालणारच नव्हतं, ते आले हे चांगलंच झालं होतं. जागा शेडमध्ये एकच उरली होती, मागच्या भिंतीला लागून, माझी. प्लायवूडची खोली, तिला स्वतःची खिडकी आणि पंखा, पुठ्ठ्याचे माझे साचे टांगलेले, आणि दारावर "कटिंग मास्तर" अशी पाटी. बावीस वर्षांनी मिळालेली ती खोली. पाटी वहिनीने रंगवली होती. मी शेठना म्हणालो, "माझ्या खोलीत टाका टाकी." शेठनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मलाच ऊन लागलंय.

तीन दिवस लागले. टाकी आणि पंप माझ्या खोलीत हलले, प्लंबरने नळ ओढला, गवंड्याने भिंत बांधली, आणि उरलेलं बायकांनीच ठरवलं. पुरुषांचा होता तो पुरुषांकडेच ठेवून टाकीच्या जागी नवे दोन संडास, आडवी एक भिंत, म्हणजे पॅकिंगच्या माणसांमधून जायला नको. आत नळ, दिवा, झाकणाचा डबा. आणि आतून लागणारी दणकट कडी. कडी मी स्वतः जाऊन आणली. दुकानदाराला दहा कड्या काढायला लावल्या आणि प्रत्येक ओढून बघितली. भिंतीवरचं घड्याळ उतरवून मी शेठच्या टेबलावर नेऊन ठेवलं. माझी पाटी मात्र त्या खोलीच्या दारावर तशीच राहिली. काडेपेटी म्हणाली, "राहू द्या. आत तसाही गुरगुरणाराच बसलाय." सगळ्या बायका हसल्या, आणि खरं सांगतो, मीही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा माझं अर्धं चित्त दवाखान्यात होतं. पहिला दिवस गेला, ताप उतरेना. दुसरा गेला. वहिनी डोळे उघडायची आणि मला ओळखायची नाही. तिच्या हाताला सलाईन, आणि कॉटच्या खाली एक पिशवी लटकवलेली, तिच्यात तळाशी जेमतेम गढूळ थेंब. सिस्टर दर तासाला वाकून ती पिशवी बघायची आणि कागदावर लिहायची. मीही वाकून बघायला लागलो. आयुष्यात मी सुताएवढ्या फरकावर एवढा जीव टांगलेला बघितला नव्हता. त्या कॉटपाशी बसून मी मनातल्या मनात तिला सांगत होतो की तू मला कान धरून विचार, मार, काहीही कर, पण अशी गप्प पडून राहू नकोस.

चौथ्या दिवशी सकाळी मी गेलो तर सिस्टर माझी वाटच बघत होती. तिने मला कॉटपाशी नेलं आणि पिशवी दाखवली. पिशवी भरली होती. स्वच्छ, पिवळसर, काठापर्यंत. "काल संध्याकाळपासून दीड लिटर," ती म्हणाली. तापट बाई, पण तिचेही डोळे भरले होते.

वहिनी उशीवरून माझ्याकडे बघत होती. ओठ सुकलेले. "अरे गाढवा," ती म्हणाली, "कामावर नाही गेलास?"

मी गेलो. पळत गेलो. वेळ नव्हती तरी घंटा धरून बडवली. सगळ्या मशिनी थांबल्या. आणि जो शब्द तोंडावर आणायला मला सिस्टरसमोर लाज वाटली होती, तो मी भर शेडमध्ये, पॅकिंगच्या माणसांसमोर, शेठसमोर ओरडून सांगितला, "वहिनीला लघवी झाली!"

एक क्षण कोणाला काही कळेना. मग काडेपेटीने टाळी वाजवली, आणि मग जो काही गलका झाला तो विचारू नका. बायका हसत होत्या, रडत होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. शेठनी चष्मा काढून पुसला.

देवाचे आभार मी रोजच मानतो, त्यात विशेष काही नाही. पण त्या दिवसापासून मी सिस्टरचेही मानतो, जिने मला नको तो प्रश्न विचारला. काडेपेटीचे मानतो, जिने माझ्या तोंडावर सांगितलं. मी तिला तसं म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, "मास्तर, तब्येत बरी आहे ना तुमची?" आभार मानायची मला सवय नाही, त्यामुळे लोकांना जरा भीती वाटते.

दीड महिन्याने वहिनी कामावर आली. हलकं काम, चारच तास, असं सिस्टरने बजावलं होतं. बायकांनी तिच्या मशीनला तेल घालून ठेवलं होतं. ती आली, सगळ्यांशी बोलली, नवी भिंत बघितली, माझ्या खोलीच्या दारावरची पाटी बघून तोंडाला पदर लावून हसली. मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

केळ पार मान टाकून उभी होती. पानं पिवळी पडून लोंबत होती, कडा करपल्या होत्या. वहिनीने डब्यात बोट घातलं. माती कोरडी ठणठणीत.

"अगं, हिला कोणी पाणीच घातलं नाही की काय?"

काडेपेटी माझ्याकडे बघून गालात हसत होती.

तेवढ्यात नऊ वाजले. घंटा आता काडेपेटीकडे आहे, तिने टोला दिला. वहिनीने आपला ग्लास भरून घेतला आणि सवयीने केळीकडे वळवला.

"ते तुझं आहे!" मी ओरडलो. कारखान्यात मी तिला तू म्हटलं, ते पहिल्यांदाच.

तिने माझ्याकडे बघितलं. मग तिथेच उभी राहून, सावकाश, ती तो ग्लास पूर्ण प्यायली. पदराने ओठ टिपले. जाऊन थोडा वेळ मशीनवर बसली, दोन कॉलर बसवल्या, दोन्ही सरळ. मग उठली आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर," साठ जणींना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मी जाऊन येते."

"या," मी म्हणालो.

ती भिंतीमागे गेली. आतून कडी लागल्याचा आवाज झाला. मी कैची खाली ठेवली, कारण मला समोरच्या खडूच्या रेघा नीट दिसत नव्हत्या. मग मी माझी पाण्याची बाटली उचलली, खिडकीपाशी गेलो आणि अर्धी केळीला घातली.